मशीन नाचतंय? आधी आत काय घातलंय ते बघा

प्रश्न : आखाजीला लेकी येणार म्हणून गोधड्या धुवायला काढल्या. टॉप लोड मशीनमध्ये एक गोधडी घातली की पिळताना धाडधाड आवाज येतो, मशीन थांबतं आणि पुन्हा पाणी भरायला लागतं. मेकॅनिकला बोलवू का? (अमळनेर)

ताई, इतक्यात नको. मशीन बिघडलेलं नाही, ते स्वतःला सांभाळतंय. जुन्या लुगड्यांचे थर घालून शिवलेली गोधडी पाणी पिते आणि एका बाजूला गोळा होऊन बसते. टब मिनिटाला 700 फेरे घेत असेल आणि मध्यापासून पाऊण फुटावर एका बाजूला फक्त एक किलो वजन जास्त असेल, तरी ओढ सव्वाशे किलोच्या आसपास जाते. म्हणून मशीन पिळणं थांबवतं आणि पाणी घेऊन कपडा पसरवून बघतं. तुम्ही मशीन पॉजवर टाका, टब पूर्ण थांबला की झाकण उघडा. गोधडीची घडी मोडून ती मधल्या खांबाभोवती गोल वेटोळ्यासारखी बसवा. एका बाजूला पोकळ राहिलं तर तिथे दोन टॉवेल घाला. फ्रंट लोडमध्ये एकटी जीन्स टाकली तरी हीच गत होते. सोबत चार कपडे हवेतच.

चार-पाच थरांची जड गोधडी मात्र मी मशीनमध्ये घालूच देत नाही. ती ओट्यावर धोपटून धुवा. आपल्याकडच्या चैत्र-वैशाखाच्या उन्हात गच्चीवर टाकली की दिवसभरात खडखडीत वाळते.

प्रश्न : बाळाच्या गादीचं वॉटरप्रूफ कव्हर मशीनमध्ये पिळलं तर चालेल का? (चोपडा)

नाही. हे कळकळीने सांगतो. साध्या कपड्यातलं पाणी टबच्या भोकांतून बाहेर फेकलं जातं. या कव्हरमधून ते जात नाही, आत फुगा धरून बसतं. वेग वाढला की तो फुगा एकदम सरकतो. त्या धक्क्याने टब फुटल्याच्या, झाकण उडाल्याच्या घटना घडल्या आहेत. रेनकोट, ताडपत्री, प्लास्टिकचा थर असलेली चटई यांनाही हेच लागू. हाताने धुवा, दोरीवर निथळू द्या.

प्रश्न : आमनं मशीन रिकामंबी नाचस. पिळताना वीतभर पुढे सरकतं. (भुसावळ)

रिकामं असूनही नाचतं, म्हणजे दोष कपड्यांचा नाही. मशीन नवं फ्रंट लोड असेल तर आधी मागची बाजू बघा. वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून लावलेले लांब बोल्ट तसेच राहिले असतील, तर ते काढा आणि जपून ठेवा; घर बदलताना लागतील. मग समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने दाबा. शहाबादी फरशी क्वचितच सपाट असते, त्यामुळे एखादा पाय अधांतरी राहतो. गवंड्याची पाणसळ वर ठेवून पाय फिरवून उंची जुळवा आणि पायावरचं नट मशीनच्या तळाशी घट्ट आवळा. नट ढिलं राहिलं तर आठ दिवसांत पाय पुन्हा फिरतो. चाकांचा स्टँड असेल तर तो काढून टाका. एवढं करूनही हललं, तर टॉप लोडचे सस्पेन्शन रॉड किंवा फ्रंट लोडचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर गेलेले असतात. तेव्हा मात्र मेकॅनिक बोलवा.

प्रश्न : सेमी ऑटोमॅटिकचा ड्रायर भिंतीला आपटल्यासारखा वाजतो. (शिरपूर)

कपडे गोल पसरून हाताने दाबा आणि वर प्लास्टिकची चकती बसवा. बऱ्याच घरांत ती चकती पहिल्याच महिन्यात हरवलेली असते. नवी मिळते, आणून घ्या.