वाचकांचे प्रश्न : रिअ‍ॅलिटी शो संपल्यावर

प्रश्न : मी एका रिअ‍ॅलिटी शोमध्ये होते. प्रसारित भागात मी मैत्रिणीबद्दल फार कडवट बोलताना ऐकू येते. शब्द माझेच आहेत, पण तसं वाक्य मी कधी बोललेच नाही. हे शक्य आहे का? दाखवून कसं द्यायचं?

उत्तर : शक्य आहे, आणि या क्षेत्रात ते नवीनही नाही. वेगवेगळ्या वेळी बोललेले तुकडे जोडून एक वाक्य तयार करता येतं. एकट्याच्या मुलाखतीला अनेकदा तेच कपडे घालायला सांगतात, ते याचसाठी. पहिल्या आठवड्यातलं बोलणं मग पाचव्या आठवड्याच्या भागातही बसतं. ‘प्रश्न उत्तरात घेऊन पूर्ण वाक्यात बोला’ ही सूचनाही तुम्हाला मिळाली असेल. त्यामुळे विचारणाऱ्याचा आवाज काढून टाकता येतो आणि विषय तुम्हीच उकरून काढला असं वाटतं.

हेडफोन लावून तो भाग पुन्हा ऐका. वाक्य चालू असताना चित्र तुमच्या चेहऱ्यावरून हटतं का, ते आधी पाहा. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, कारण सरळ संकलनातही असे कट असतात, पण जोड लपवायची जागा तीच. मग आवाजाकडे लक्ष द्या. वाक्य संपताना उतरतो तसा सूर मध्येच उतरतो का? मागचा एसीचा आवाज अचानक बदलतो का? दोन शब्दांमधला श्वास तुटलेला आहे का? दुसऱ्याची प्रतिक्रिया दाखवली असेल, तर भिंतीवरचं घड्याळ, पेल्यातलं पाणी, केस आणि बसण्याची जागा जुळते का, तेही पाहा. नजर आणि हशा हे सगळ्यात सहज इकडून तिकडे हलवता येतं.

सापडेल ते तक्त्यात लिहा : भाग क्रमांक, मिनिट-सेकंद, पडद्यावर काय दिसलं, प्रत्यक्षात काय घडलं, तेव्हा कोण हजर होतं. हजर असलेल्यांनी आपापल्या आठवणी एकमेकांशी बोलण्याआधी, वेगवेगळ्या लिहून काढाव्यात. आधी चर्चा झाली की आठवणी एकमेकींत मिसळतात आणि त्यांचं वजन कमी होतं. कच्चं चित्रीकरण निर्मिती संस्थेच्या मालकीचं असतं. ते मागून मिळेल या भरवशावर राहू नका.

प्रश्न : ‘हे सगळं खोटं आहे’ असं मला जाहीर सांगायचंय. करार आड येईल का?

उत्तर : येऊ शकतो. करारात चार गोष्टी शोधा : गोपनीयता किती काळ आहे, ती नेमकी कशाची आहे (निकाल, चित्रीकरणाची पद्धत की करार स्वतःच), मोडल्यास ठरलेली रक्कम किती, आणि तुमचं चित्रण कापून, बदलून किंवा काल्पनिक रंग देऊन वापरायचा हक्क तुम्ही दिला आहे का. हे शेवटचं कलम बहुतेकांच्या नजरेतून सुटतं, आणि बदनामीची तक्रार अनेकदा तिथेच अडते. काही बोलण्यापूर्वी कागद वकिलाला दाखवा. छळ किंवा गुन्हा घडला असेल तर तो प्रश्न वेगळा आहे. पोलिसांकडे जाण्यापासून अशा कराराने तुम्हाला अडवता येत नाही.

‘सगळं खोटं’ हे वाक्य मात्र टाळा, असं आम्ही आग्रहाने सांगू. निकाल आधीच ठरवणं आणि प्रसंगांचा क्रम बदलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेत १९५० च्या दशकात प्रश्नमंजूषांचे निकाल ठरवून दिल्याचं उघड झालं आणि १९६० मध्ये ज्ञान, बौद्धिक कौशल्य किंवा नशिबाच्या स्पर्धांमधली अशी फसवणूक गुन्हा ठरली. भांडणाचा क्रम फिरवणं त्या कायद्यात बसत नाही. ‘हे मी म्हणाले, पण दोन दिवस आधी आणि वेगळ्या प्रश्नाला,’ हे विधान खोडून काढणं कठीण असतं. ‘सगळं खोटं’ म्हटलंत, की तुमचा एक खरा रागाचा प्रसंग दाखवून ते खोडता येतं. जे खरंच बोललात ते आधी कबूल करा.

प्रश्न : अनोळखी लोक शिव्या देतात. काय करू?

उत्तर : सगळ्या खात्यांना दुहेरी पडताळणी लावा आणि घराचा पत्ता कळेल असे फोटो काढून टाका. प्रतिक्रिया स्वतः वाचू नका. विश्वासातल्या एका व्यक्तीने त्या वाचाव्यात, धमक्यांचे तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट ठेवावेत आणि मगच खातं ब्लॉक करावं. आधी ब्लॉक केलं तर पुरावा पुन्हा गाठणं अवघड होतं. शेवटचा भाग झाल्यावरचे आठवडे विशेष कठीण असतात, त्या काळात नोकरी सोडण्यासारखे निर्णय घेऊ नका.

ब्रिटनमध्ये प्रसारण नियामकाने एप्रिल २०२१ पासून सहभागींची योग्य काळजी घेणं वाहिन्यांवर बंधनकारक केलं आहे. तुमच्याकडे असा नियम नसला तरी निर्मात्यांना लेखी विचारा : समुपदेशनाची किती सत्रं मिळतील, किती महिन्यांपर्यंत, आणि तिथलं बोलणं निर्मात्यांपर्यंत जाईल का? शेवटच्या प्रश्नाचं स्पष्ट ‘नाही’ मिळालं नाही, तर समुपदेशक स्वतः निवडा.