वाचनाची सुरुवात कोठून करावी?

गंभीर वाचनाला नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी जाडजूड ऐतिहासिक कादंबरीला एकदम हात घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याऐवजी लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र घ्यावे. वडिलांच्या सोवळ्यापायी घरात मीठदेखील धुतले जाई, हे त्या इतक्या सहजपणे सांगतात की हसू येता येताच त्यामागचा जाच जाणवून मन चरकते. साध्या बोलीतले एवढे सामर्थ्य मला गेल्या काही महिन्यांत वाचलेल्या एकाही चरित्रात आढळले नाही. चरित्रकार नायकाची आरती ओवाळू लागला, की पुस्तक खुशाल मिटावे.

त्यानंतर विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (1939) ही कादंबरी वाचावी. ती छोटी आहे, पण बोटीवरच्या हॅर्टा या ज्यू तरुणीचे दुःख दीर्घकाळ पाठ सोडत नाही.

भालचंद्र नेमाडेंची कादंबरी ‘कोसला’ (1963) मात्र घाईने वाचू नये. तिचा तिरकस सूर प्रारंभी अनेकांना खटकतो आणि पुस्तक अर्ध्यावर राहते. परंतु नायकाच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूपर्यंत नेटाने पोहोचलात, तर हा नायक, पांडुरंग, असा का बोलतो, हे आपोआप उमगेल. ती पाने मी यंदा तिसऱ्यांदा वाचली आणि पुढचे प्रकरण त्या दिवशी उघडवले नाही.