पद्मिनीच्या इंडिकेटरची दांडी लुळी पडलीय? स्विच बदलायची घाई नको

निपाणीच्या दादांचा प्रश्न असा: जुनी प्रीमियर पद्मिनी, इंडिकेटरची दांडी ढिली, खड्ड्यात चाक गेलं की आपोआप खाली येते आणि दिवा लुकलुकायला लागतो. गॅरेजवाला म्हणतो, अख्खा स्विच बदला.

दादा, जरा दम धरा. आधी ढिलं नेमकं काय झालंय ते बघा. दांडीबरोबर आतली स्विचची डबीच हलत असेल तर तिला स्टिअरिंगच्या कॉलमला (चाकाखालच्या नळीला) आवळणारा स्क्रू सैल झालाय, पाच मिनिटांचं काम. डबी घट्ट, पण दांडी मुळाशी खुळखुळते, तर रिवेटचं भोक झिजलंय. आणि दांडी ‘खट्’ करून जागेवर बसतच नसेल तर स्प्रिंग दमलीय, नाहीतर तिच्या टोकाची छर्‍यासारखी गोळी गेलीय. तुमचं लक्षण मला या तिसऱ्यातलं वाटतं.

उघडताना बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, चाकं सरळ ठेवा. हॉर्नचं बटण काढल्यावर नट दिसेल. स्टिअरिंगचं चाक आणि ते ज्यावर बसतं तो मधला दांडा, दोन्हींवर मिळून एक रंगाची रेघ ओढा, मग पुलरनं (चाक ओढून काढायच्या हत्यारानं) स्टिअरिंगचं चाक काढा. हातोडा नकोच, खालचे बेअरिंग मार खातात. स्विच उघडायचा तो परातीत, वर फडकं टाकून. माझ्या गाडीतली गोळी ज्वारीच्या दाण्याएवढी होती. ती उडाली आणि अंगणातल्या लाल मातीत गेली ती गेलीच. शेवटी सायकलच्या दुकानातून त्याच मापाचा छर्रा आणला. बॉलपेनची स्प्रिंग कापून घाला म्हणणारे भेटतील. घालू नका, फार मऊ असते. मूळ स्प्रिंगएवढ्याच जाडीच्या तारेची घ्या.

माझी दांडी मुळाशीही डुगडुगत होती. रिवेट काढली तर भोक लांबट झालेलं. बेळगावात उद्यमबागेतल्या एका लेथवाल्याकडून ते गोल करून घेतलं आणि त्या मापाची पिन करून घेतली. दोन्ही बाजूंना पातळ वायसर, वर नायलॉकचा नट (आत नायलॉनची कडी असलेला, आपोआप सैल न होणारा). तो आवळायचा कुठवर, तर डुगडुग थांबेल पण दांडी बोटानं सहज फिरेल इथवर. ग्रीस पिनेला नखभर. तांब्याच्या पट्ट्यांना लागू देऊ नका, त्या बारीक पॉलिश पेपरनं नुसत्या पुसून घ्या. फेव्हिक्विक तर लांबच ठेवा, आत ओघळला की खटकाच चिकटतो.

चाक बसवताना रेघेला रेघ जुळली पाहिजे. दांड्यावरच्या खाचांचा एक दात इकडचा तिकडं झाला तर वळणानंतर दांडी भलत्याच जागी परत येते.

मग घड्याळ लावून लुकलुक मोजा. नियमानं मिनिटाला 60 ते 120 वेळा हवी. एकच बाजू घाईनं लुकलुकत असेल तर दांडीला दोष देऊ नका, त्या बाजूचा बल्ब आणि अर्थिंग तपासा. पावसाळ्यात खानापूरकडून आलो तेव्हा माझ्या मागच्या दिव्याच्या होल्डरात चमचाभर पाणी साचलेलं होतं.