सेथ एक्सपी खातो म्हणून त्याला बाजूला बसवावं का?

प्रश्न: ‘फायर एम्ब्लेम: द सेक्रेड स्टोन्स’ हा आळीपाळीने चाली करायचा डावपेचांचा व्हिडिओ गेम पहिल्यांदाच खेळतोय. सगळे सांगतात की सेथला (सुरुवातीलाच मिळणारा बलवान घोडेस्वार) वापरू नका, तो बाकीच्यांचा एक्सपी (लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण) खातो. म्हणून त्याला कोपऱ्यात उभं केलंय, पण रॉस वगैरे नवखी मंडळी काही वर येत नाहीत. पुढे टॉवरमध्ये (जिथे पुन्हा पुन्हा लढून एक्सपी मिळवता येतो) जाऊन सगळ्यांना लेव्हल २० करून घेऊ का?

सेथला आधी कोपऱ्यातून बाहेर काढा.

हा सल्ला जुन्या खेळांतून आलाय. १९९० च्या पहिल्या ‘फायर एम्ब्लेम’मध्ये जेगन नावाचा म्हातारा पॅलाडिन (वरच्या दर्जाचा घोडेस्वार) सुरुवातीपासून सोबत असतो. सुरुवातीला भारी, पण त्याचे ग्रोथ (लेव्हल वाढताना ताकद, वेग वगैरे वाढण्याची शक्यता) इतके कमी की लेव्हल वाढूनही हाती फारसं काही लागत नाही. त्याला मिळालेला एक्सपी खरोखरच वाया जायचा. तेव्हापासून सुरुवातीला मिळणारा प्रमोटेड (आधीच वरच्या वर्गात गेलेला) घोडेस्वार दिसला की लोक तोच नियम लावतात. सेथला तो लागू पडत नाही, हे आकड्यांतच दिसतं. लेव्हल वाढताना ताकद वाढायची शक्यता सेथची ५० टक्के, फ्रान्झ या तरुण घोडेस्वाराची ४०. डिफेन्समध्ये सेथ ४०, फ्रान्झ २५. फ्रान्झ पुढे आहे तो नशिबात, आणि वेगात तेवढा थोडासा, ५० विरुद्ध ४५. म्हणजे ज्या तरुणासाठी तुम्ही सेथला बसवून ठेवलंय, त्याच्यापेक्षा सेथच बहुतेक बाबतींत चांगला वाढतो. शेवटच्या चॅप्टरपर्यंत त्याला बिनधास्त वापरा.

राहिला एक्सपी खाण्याचा मुद्दा. सेथ आधीच प्रमोट झालेला असल्याने सुरुवातीच्या शत्रूंना मारून त्याला फारच थोडे गुण मिळतात. तेच शत्रू रॉसच्या हाती पडले तर रॉसला भरपूर मिळतात, ट्रेनी (शिकाऊ) असल्यामुळे तर इतरांपेक्षाही जास्त. तेव्हा मारण्याचं काम रॉसला मिळावं हे बरोबरच आहे. पण त्यासाठी सेथ नकाशावर असायला हवा, कारण शत्रूचे वार कुणीतरी अंगावर घ्यावे लागतात आणि त्या वेळी ते त्याच्याइतकं कुणालाच जमत नाही.

चॅप्टर २ मध्ये हे करून बघा. सेथची शस्त्रं ट्रेड करून दुसऱ्याकडे द्या आणि त्याला रिकाम्या हाताने अरुंद जागेत उभं करा. त्याचा डिफेन्स सुरुवातीलाच ११ आहे, साध्या दरोडेखोराच्या कुऱ्हाडीने त्याला जेमतेम खरचटतं. हातात शस्त्र नसल्याने तो उलटा वार करत नाही, त्यामुळे शत्रू जिवंत राहतो. आता तुमच्या टर्नला शत्रू कमजोर कुणी करायचा? सेथने अजिबात नाही. समोरच्यापेक्षा वेग ४ ने जास्त असला की दोन वार होतात, सेथचा वेग १२ आहे, आणि त्याच्या दोन वारांनंतर रॉससाठी काही उरत नाही. हे काम जड चिलखतातल्या गिलियमचं. तो इतका मंद आहे की एकच वार करतो, आणि इथे आपल्याला तेच हवंय. अर्धमेला झालेला दरोडेखोर मग रॉसने दोन घरं लांबून हॅचेट ही छोटी कुऱ्हाड फेकून संपवायचा. साध्या कुऱ्हाडीला तेवढ्या लांबून उत्तर देता येत नाही. एका वारात नाही मेला तर नायिका एरिका किंवा फ्रान्झकडून आणखी थोडा कमी करून घ्या. टर्नच्या शेवटी उपचार करणाऱ्या मोल्डरने सेथवर हील वापरायचा. लेव्हलला १०० गुण लागतात आणि दर हीलला ११ मिळतात, म्हणजे सेथचं ते खरचटणंसुद्धा मोल्डरच्या कामी येतं.

मला हा खेळ मनापासून आवडतो तो अशा टर्नमुळे. चार-पाच जणांनी आपापलं काम केलेलं असतं आणि लेव्हल वाढल्याचा आवाज एकाच्या नावाने वाजतो.

रॉसला जंगल किंवा डोंगराच्या घरात उभं करायची सवय लावा. जंगलात अव्हॉइड (वार चुकवण्याची शक्यता) २० ने वाढतो, डोंगरावर ३० ने, आणि शत्रूच्या टर्नमध्ये केलेल्या उलट्या वाराचाही एक्सपी मिळतो. पण दोनपेक्षा जास्त शत्रू त्याच्यापर्यंत पोचू शकत असतील तर मागे घ्या. मेलेला माणूस परत येत नाही, तिथे सगळी मेहनत वाया. लेव्हल १० झाली की पुढच्या चॅप्टरच्या सुरुवातीला तो आपोआप प्रमोट होतो. मी त्याला पायरेट करायला सांगेन, पाण्यावरून चालता येतं त्याचा पुढे बऱ्याच नकाशांत उपयोग होतो.

आता टॉवर ऑफ व्हॅल्नी. सगळ्यांना तिथे नेऊन लेव्हल २० करू नका. प्रत्येक नकाशावर ठरावीकच लोक उतरवता येतात, मग जे बाकावरच बसणार त्यांच्यावर शस्त्रं का झिजवायची? लोखंडी तलवारसुद्धा ४६ वारांनी मोडते. शिवाय सगळे एकसारखे दणकट झाले की कथेतले नकाशे नुसते चालत पार होतात. ज्या नकाशांत कुणाला कुठे उभं करायचं याचा विचार करावा लागतो, तोच तर या खेळाचा जीव आहे. दहा-बारा जण ठरवा आणि बाकीच्यांचा मोह सोडा. टॉवरचा खरा उपयोग आहे तो अमेलिया आणि इवान या रॉससारख्याच ट्रेनींसाठी. दोघंही लेव्हल १ वर येतात, अमेलिया एरिकाचा भाऊ एफ्राइम याच्या मार्गाने गेलात तर चॅप्टर ९ मध्ये आणि एरिकाच्या मार्गाने गेलात तर १३ मध्ये, इवान १२ मध्ये, आणि तोवर कथेतले शत्रू त्यांना झेपण्यापलीकडे गेलेले असतात. मात्र तिथेही सेथला सोबत न्या. रॉस, अमेलिया, इवान या तिघांतला एकच निवडलात तर उत्तम, तिघांना एकदम वाढवायला गेलात तर बाकीची तुकडी खोळंबते.

प्रमोशनबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तो प्रश्न येणारच आहे. लेव्हल १० ला प्रमोशनची वस्तू वापरता येते, २० पर्यंत थांबलात तर मधल्या दहा लेव्हलांचे स्टॅट जास्तीचे मिळतात. लढणाऱ्यांसाठी थांबणं चांगलं, पण अडलेल्या चॅप्टरमध्ये कुणी कमी पडत असेल तर १४-१५ ला करून टाका, त्याने खेळ बिघडत नाही. मोल्डर आणि त्याच्यासारखीच उपचार करणारी नताशा यांच्यासाठी थांबू नका. ११-११ गुणांनी २० गाठायला फार वेळ जातो, आणि प्रमोट झाले की त्यांना स्वतः हल्लाही करता येतो. एरिका आणि एफ्राइम यांचं मात्र वेगळं आहे. त्यांचं प्रमोशन कथा बरीच पुढे गेल्यावरच मिळतं. त्याआधी ते २० ला पोचले तर पुढचा एक्सपी त्यांना मिळतच नाही, म्हणून १७-१८ च्या पुढे गेले की शेवटचा वार दुसऱ्या कुणाला द्या. ल्यूट ही जादूगार तेव्हा जवळपास असेल तर तिला द्या. ती लेव्हल १ वर येते, अंगाने नाजूक आहे, पण जादूने मारते, आणि चिलखतवाल्यांची जाडी जादूपुढे फार काळ टिकत नाही.