वाचकांचे प्रश्न : निवृत्तीनंतर परदेशात शिक्षकी

प्रश्न : लातूरच्या अनुदानित शाळेत विज्ञान शिकवतो. ३१ मे रोजी ५८ वर्षे भरून निवृत्त होतोय. या वयात परदेशात शिक्षकाची नोकरी मिळेल का? एजंट दीड लाख मागतोय.

उत्तर : मिळू शकते. मात्र तुम्हाला तीन-चार वर्षे शिकवून परत यायचे आहे की तिथेच राहायचे आहे, हे आधी ठरवा. वयाची कडक अट बहुधा कायम वास्तव्यासाठी असते. ऑस्ट्रेलियाच्या गुणांवर आधारित व्हिसाला वय ४५ च्या आत लागते, न्यूझीलंडच्या कुशल कामगार निवासी व्हिसाला ५५ पर्यंत चालते. कॅनडाच्या एक्सप्रेस एंट्रीत पंचेचाळिशीनंतर वयाचे गुण शून्य. हे तिन्ही रस्ते तुमच्यासाठी बंद समजा.

नुसत्या कामाच्या परवान्याचे गणित वेगळे आहे. ओमानने खासगी क्षेत्रातील परदेशी कर्मचाऱ्यांवरची साठीची अट जानेवारी २०२२ मध्ये काढली. ब्रिटनच्या स्किल्ड वर्कर व्हिसाला वरची वयोमर्यादा नाही; शिवाय फेब्रुवारी २०२३ पासून ११ ते १६ वयाच्या मुलांना विज्ञान, गणित किंवा भाषा शिकवणारे भारतीय शिक्षक इंग्लंडच्या क्यूटीएस या अध्यापन पात्रतेसाठी थेट अर्ज करू शकतात. तुमचा विषय तिथे कामी येईल.

कायदा आड येत नसला तरी शाळेची स्वतःची मर्यादा असू शकते. करार दोन वर्षांचा असेल तर तो संपताना तुम्ही साठीचे असाल. म्हणून परवान्याचे नूतनीकरण होईल का, हे मुलाखतीतच विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या. आखाती देशांच्या वैद्यकीय तपासणीत क्षयाचा जुना, बरा झालेला डागही एक्स-रेमध्ये अडचण करतो. पैसे भरण्याआधी इथेच छातीचा एक्स-रे काढून पाहा.

दीड लाख अजिबात देऊ नका. नोंदणीकृत एजंटला जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढेच घेता येतात, तेही पावती देऊन. त्याचा परवाना क्रमांक केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासा.

प्रश्न : माझी पदवी १९८९ ची, मराठवाडा विद्यापीठाची, लॅमिनेट केलेली. शाळेत जन्मतारीख १ जून लावलेली आहे. काही अडेल का? (परभणी)

उत्तर : लॅमिनेशन नक्की अडवेल. साक्षांकनाचा (कागद खरा असल्याचा) शिक्का आणि अपोस्टिलचे (परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणूनच्या प्रमाणपत्राचे) स्टिकर कागदावरच लागतात. प्लास्टिक ओढून काढू नका, शाई निघून येते. विद्यापीठाकडून दुय्यम प्रत घ्या. १९९४ मध्ये नामविस्तार झाल्यामुळे जुन्या पदवीवरचे नाव आजच्या नावाशी जुळत नाही. परदेशी पडताळणी संस्था इथेच शंका काढतात, म्हणून छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाकडून पदवी पडताळणीचे पत्रही मागून घ्या.

१ जूनची चिंता नको. परवान्यासाठी पासपोर्टवरची तारीख धरतात. दाखला, सेवापुस्तक आणि पासपोर्ट तिन्हींवर ती एकच हवी.

पदवीवर आधी राज्य शासनाचे साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल. ओमान, बहरीन, सौदीला एवढे पुरते. दुबईसाठी वकिलातीचा शिक्का वेगळा लागतो.