सर्टिफिकेट काकांच्या भिंतीवर, मुलगी कुठे?

प्रश्न : मुलीला बारावी सायन्सला ७१ टक्के आहेत. लंडनमधल्या मावसबहिणीला तिथल्या औषधांच्या दुकानात फार्मासिस्टनेच प्रवासाच्या लसी दिल्या. तेव्हापासून ‘फार्म.डी. (फार्मसीतली डॉक्टरेट) करून मीही तेच करणार’ असा हिचा धोशा आहे. आमचं म्हणणं, दोन वर्षांचं डी.फार्म. (फार्मसीचा डिप्लोमा) करावं, सर्टिफिकेट परवान्यासाठी माझ्या भावाच्या मेडिकलमध्ये लावावं, मग स्थळं बघू. तिला समजवावं. – एक वडील, सांगली

उत्तर : समजवायचं तुम्हालाच आहे. पत्रात मुलीच्या सर्टिफिकेटला भिंत मिळाली, मुलीला काउंटर नाही. ती रोज तिथे उभी राहणार असेल तर खुशाल लावा. नुसतंच लावणार असाल, तर चुकीचं औषध गेल्यावर नाव तिचं निघेल आणि रजिस्ट्रेशनही तिचंच जाईल. ‘सगळेच लावतात’ हे ड्रग इन्स्पेक्टरला सांगून बघा.

आता तिचा गैरसमज. फार्म.डी. झाली, नावाआधी ‘डॉ.’ लागलं, की हातात सुई येते असं नाही. लंडनचा फार्मासिस्टही वेगळं प्रशिक्षण घेऊन, ठरावीक लेखी अधिकारात लस देतो. आफ्रिकेतल्या अनेक देशांच्या प्रवासाआधी घ्यायच्या यलो फीव्हरच्या (पीतज्वराच्या) लसीसाठी तर दुकानाला वेगळी मान्यता लागते. आपल्याकडे कोविडच्या मोहिमेत लस देणाऱ्यांच्या यादीत फार्मासिस्ट होते, पण मेडिकलमध्ये लस टोचून घेणं अजून रुळलेलं नाही. यलो फीव्हरची लस सरकारमान्य केंद्रातच मिळते. मात्र काम फक्त सुईचं नसतं. परवा केनियाला निघून आठवड्यात परतणारा माणूस काकांकडे ओआरएस घ्यायला येतो. यलो फीव्हरचा दाखला लस घेतल्यावर १० दिवसांनी लागू होतो, नाहीतर परतल्यावर विलगीकरणात बसावं लागू शकतं, हे त्याला कोण सांगणार? आणि लस ठेवायची २ ते ८ अंशांत. फ्रीजच्या बर्फाला चिकटून गोठलेली हिपॅटायटिस बीची लस पुन्हा पातळ झाली तरी फेकायचीच. काकांच्या फ्रीजमध्ये इन्सुलिनशेजारी ताकाची बाटली नाही ना, एकदा बघून या.

बी.फार्म. चार वर्षांचं, सीईटीतून. फार्म.डी. सहा वर्षांचं. लंडनलाच जायचं तर इथल्या पदवीनंतर तिथला एक वर्षाचा कोर्स, वर्षभर प्रशिक्षण आणि परीक्षा. खर्चाचा आकडा आत्ताच काढा.

तोवर सुट्टीत महिनाभर तिला काकांच्या दुकानात पाठवा. फ्रीजचं तापमान सकाळ-संध्याकाळ वहीत लिहू दे, गिऱ्हाईक काय विचारतं ते ऐकू दे. पुढचं पत्र मात्र तिच्या हातचं हवं.