दुर्गम भागातलं झऱ्या-विहिरींचं पाणी पिण्यायोग्य आहे का, हे टीडीएस मीटरने कळेल का?

प्रश्नाच्या तपशिलात तुम्ही लिहिलंय की विकसनशील देशांतल्या ग्रामीण पाणीस्रोतांवर देखरेख ठेवायची योजना आखताय, पैसा तुटपुंजा आहे, आणि प्रत्येक वस्तीला एकेक टीडीएस मीटर देऊन काम भागेल का.

नाही भागणार. हे मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतं आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज सांगतं. पाणी मचूळ लागेल का, एवढं त्यावरून समजतं. मैल्यातून आलेले जंतू त्याला दिसत नाहीत. आर्सेनिकही दिसत नाही, कारण आर्सेनिकची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम आहे आणि हे मीटर मिलिग्रॅमची भाषा बोलतं. डोंगरातला एखादा झरा मीटरवर लिटरला जेमतेम 60 मिलिग्रॅम दाखवून अख्ख्या वस्तीला जुलाब लावू शकतो, आणि 900 दाखवणारी विहीर चवीला वाईट पण निर्धोक असू शकते. मीटर फेकून देऊ नका, नेहमीचा आकडा एकाएकी बदलला तर कुठलं तरी नवं पाणी आत शिरतंय हे त्यावरून ओळखता येतं. पण पाणी शुद्ध आहे याचा दाखला म्हणून ते कुणाच्या हातात देऊ नका.

मी काही वर्षं नमुने गोळा करत फिरलो आहे, त्यावरून सांगतो: सगळ्यात जास्त माहिती पहिल्या अर्ध्या तासात मिळते, बाटलीचं झाकण उघडण्याआधी. हातपंपाच्या ओट्याला तडा गेलाय का, पंप बुडाशी हलतो का, सांडलेलं पाणी वाहून जातं की तिथेच मुरतं, वरच्या अंगाला शौचालयाचा खड्डा किती पावलांवर आहे, गुरं थेट पाण्यापर्यंत येतात का. जागतिक आरोग्य संघटनेचे याचे तयार नमुना-तक्ते आहेत. दहाएक हो-नाही प्रश्न, जितके 'हो' तितका धोका. खर्च जवळपास शून्य, आणि उत्तरातच दुरुस्ती दडलेली. प्रयोगशाळेचा कागद 'पाणी दूषित' म्हणतो, तक्ता म्हणतो 'ओटा फुटलाय'. गवंड्याला दुसरं वाक्य कळतं.

युगांडातल्या कंपालामध्ये बांधून घेतलेल्या झऱ्यांचा अभ्यास झाला, तेव्हा हेच पुढे आलं. संशय आधी आसपासच्या शौचालयांवर होता. पण दूषण जास्त करून पाऊस पडल्यावर लगेच वाढत होतं, आणि त्याचा संबंध शौचालयांपेक्षा झऱ्याच्या बांधकामाच्या दुरवस्थेशी आणि भोवतालच्या घाणीशी अधिक निघाला. म्हणून नमुना कधी घेतला याला फार किंमत आहे. कोरड्या दिवसांत, रस्ता चांगला असताना घेतलेले नमुने भरवशाचे दिसतात आणि फसवतात. पहिल्या जोरदार पावसानंतरचा एक नमुना तसल्या चारांना भारी आहे.

आता चाचणी. जंतूंसाठी ई. कोलाय हा आतड्यात राहणारा जिवाणू शोधतात. तो स्वतः दरवेळी घातक असतो म्हणून नव्हे, तर तो सापडला म्हणजे ताजा मैला पाण्यात गेलाय, म्हणून. निकष साधा आहे: 100 मिलिलिटरमध्ये एकही नको. नमुना थंड ठेवून शक्यतो 6 तासांत तपासायला घ्यायचा, फारच झालं तर 24 तासांत. दुर्गम भागात प्रयोगशाळेच्या गाडीची वाट बघण्यात हेच तास जातात, म्हणून चाचणीच तिकडे न्यावी. पाच कप्प्यांची पिशवी मिळते, तिच्यात 100 मिलिलिटर पाणी वाटून भरायचं आणि किती कप्पे रंग बदलतात त्यावरून जंतूंची संख्या अंदाजायची. उबदार हवामानात तिला वीजही लागत नाही. त्याहून स्वस्त हवी तर ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतल्या मांजा आणि सहकाऱ्यांनी 1982 साली प्रसिद्ध केलेली हायड्रोजन सल्फाइडची बाटली आहे: पाणी भरा, एक-दोन दिवस ठेवा, काळं पडलं तर संशय घ्या, कारण मैल्यातले जंतू हा वायू सोडतात आणि त्याने पाणी काळं होतं. मात्र पाणी ओतल्या ओतल्या काळं पडलं तर तो जंतूंचा प्रताप नसतो, तिथल्या भूजलात मुळातच सल्फाइड असतं. आणि स्रोतात क्लोरीन टाकत असतील तर नमुन्याच्या बाटलीत क्लोरीन निष्प्रभ करणारं सोडियम थायोसल्फेट हवंच, नाहीतर वाटेत क्लोरीन जंतू मारत राहतो आणि निकाल खोटा चांगला येतो.

एक आमचीच फजिती सांगतो. गाळण पटलाची पद्धत (बारीक पटलातून पाणी गाळून त्यावर अडकलेल्या जंतूंच्या वसाहती वाढवून मोजायच्या) वापरत होतो आणि आठवडाभर प्रत्येक विहीर दूषित निघत होती. मग कुणीतरी निर्जंतुक पाण्याचा कोरा नमुना लावला. त्यातही वसाहती उगवल्या! चिमटा ज्योतीवर धरायचा आम्ही कंटाळा करत होतो. त्या आठवड्याचे सगळे आकडे रद्द करावे लागले. तेव्हापासून दिवसाला एक तरी कोरा नमुना, मग कितीही घाई असो.

रसायनांचं गणित वेगळं. आर्सेनिक, फ्लोराइड खडकातून येतात, तासातासाला बदलत नाहीत. नवा स्रोत वापरात घेण्याआधी एकदा नीट तपासा, मग क्वचित तपासलं तरी चालतं. पूर्व आफ्रिकेच्या खचदरीत असाल तर फ्लोराइडची तपासणी टाळूच नका, मर्यादा लिटरला 1.5 मिलिग्रॅम. शेती किंवा दाट वस्ती असेल तिथे नायट्रेट.

काय तपासायचं हे चुकलं की काय होतं, ते बांगलादेशाने भोगलं. जंतूंनी भरलेल्या तळ्यांपासून सुटका म्हणून 1970च्या दशकापासून तिथे लाखो नळकूप खोदले गेले. जंतूंच्या दृष्टीने हेतू बरोबर होता. पण आर्सेनिक कुणी पाहिलं नाही. 1992 साली ब्रिटिश भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने तिथलं भूजल तपासलं, बरेच घटक मोजले, आर्सेनिक सोडून. त्यावरून कोर्टात दावाही झाला, आणि 2006 साली हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हा ब्रिटनचं सर्वोच्च न्यायालय तेच होतं) तो फेटाळला. पुढे जवळपास 50 लाख नळकूप साध्या संचाने तपासून तोंडं रंगवली: लाल म्हणजे पिऊ नका, हिरवं म्हणजे चालेल. 14 लाखांच्या आसपास लाल निघाले. कल्पना मला अजूनही आवडते, कारण निकाल फायलीत न जाता पंपावरच राहिला आणि तो वाचायला अक्षरओळख लागत नव्हती. शिवाय लाल पंपापासून थोड्याच अंतरावर हिरवा असू शकतो, त्यामुळे पुष्कळांना शेजारच्या पंपावर जाता आलं. पण रंग काही वर्षांत उडाला, नवे नळकूप न तपासता खोदले जात राहिले. आणि तिथली मर्यादा 50 मायक्रोग्रॅम असल्याने हिरव्यातलं पाणी जागतिक निकषाच्या चौपटीवरही असू शकत होतं.

लाल पंपाचं पाणी उकळून प्यायला कुणी सांगितलं तर लगेच थांबवा. उकळल्याने जंतू मरतात, आर्सेनिक जात नाही, उलट पाणी आटून ते थोडं दाटच होतं.

स्रोतावर थांबूही नका. पश्चिम केनियात झरे बांधून संरक्षित केल्यावर झऱ्यावरचं ई. कोलाय दूषण सुमारे 66 टक्के घटलं, पण घरातल्या पाण्यात घट भरली 24 टक्के. उरलेला फायदा भांडी, हात आणि दुसऱ्या उघड्या स्रोतांचं पाणी यांत गेला. म्हणून काही नमुने घरातल्या हंड्यातून घ्या, तेही पिण्याच्या भांड्यानेच काढून.

तुमच्या योजनेत खर्चाचा एक रकाना मला कुठेच दिसला नाही: दूषित निकाल आल्यावर दुरुस्तीचा. त्याच्याशिवाय सुरू करणार असाल तर स्रोत निम्मे घ्या आणि वाचलेले पैसे सिमेंट, पंपाचे वायसर आणि क्लोरीन यांना ठेवा. आम्ही एका वस्तीला सलग तीन वेळा 'दूषित' असा कागद दिला आणि हातात दुसरं काहीच नव्हतं. चौथ्या खेपेला त्यांनी आम्हाला नमुना घेऊ दिला नाही.